कवळी बुडते

"घरी बोलते का हो ती?" बाईंनी विचारलं, आणि माझ्या हातातली पाण्याची बाटली उगाचच या हातातून त्या हातात गेली. सोमवार होता. शाळा नुकती सुटलेली, फाटकापाशी नेहमीचा कालवा, पहिलीची पोरं एकमेकांची दप्तरं धरून आगगाडी करत बाहेर पडत होती, आणि आगगाडीच्या शेवटच्या डब्याला माझी मुलगी होती, बुटाची नाडी सुटलेली. बाई तरुण आहेत, त्यांच्या बाहीला कायम कुठला तरी ओला रंग असतो, आणि त्या इतक्या हळू बोलतात की समोरचाही आपोआप आवाज खाली आणतो. मी आवाज इतका खाली आणला की तो निघालाच नाही. घरी बोलते का? आमच्या घरी तिला भोंगा म्हणतात. हे नाव तिच्या बापानं ठेवलं. सकाळी तिचे डोळे उघडायच्या आधी तोंड उघडतं, आणि रात्री डोळे मिटले तरी तोंड थोडा वेळ चालूच राहतं, पंख्याचं बटण बंद केल्यावर पाती फिरत राहतात तसं. "बोलते," मी शेवटी म्हणाले, "म्हणजे, बऱ्यापैकी." बाईंनी मान हलवली. "वर्गात अजून एक शब्द नाही बोललेली. हजेरीला मान हलवते, गाण्याला ओठ हलवते, पण आवाज नाही. मी नाही काळजी करत, एकेकाला आवाज यायला वेळ लागतो. पण मोठ्या बाई म्हणत होत्या," इथं त्यांनी मुख्याध्यापिकांच्या खिडकीकडे बघितलं, "की थोडे दिवस बालवर्गात बसवून बघू. शुक्रवारी आपलं 'दाखवा आणि सांगा' आहे ना, घरून एक वस्तू आणून तिच्याविषयी बोलायचं, पालक येतात, मोठ्या बाईही येतात. दोन वाक्यं बोलली तरी पुष्कळ. तिला मात्र काही बोलू नका हं." मी "नाही नाही" म्हणाले. शेवटचा डबा येऊन माझ्या पायांना धडकला, आणि फाटकाच्या बाहेर पहिलं पाऊल पडताच भोंगा सुरू झाला. "आई, मुंगीला गुडघे असतात का? आणि असले तर खरचटतात का? आणि आज हवेच्या तक्त्यावर ढग लावायचं काम माझ्याकडे होतं, आणि ढगाची टाचणी वाकडी होती, आणि वाकड्या टाचणीनं ढग खाली तोंड करून लटकला, तर तो पाऊस झाला का?" मी तिच्याकडे बघत होते. हीच का ती? चारचौघांत तोंडातून ब्र न काढणारी? एखाद्यानं आपल्याच घराविषयी विचारावं, "त्या मागच्या खोलीत कोण राहतं?" आणि आपल्याला आत्ताच कळावं की मागे एक खोली आहे, तसं मला वाटत होतं.

खरं म्हणजे मला धक्का बसायचं कारण नव्हतं. ती खोली माझीच आहे, तिला वारशानं गेली. मी पहिलीत होते तेव्हा माझ्या तोंडाला असंच कुलूप होतं, आणि किल्ली ताईकडे होती. ताई वरच्या वर्गात. मधल्या सुट्टीत ती आमच्या वर्गाच्या दाराशी यायची, माझं तोंड बघायची, आणि आमच्या बाईंना ठणकावून सांगायची, "बाई, तिला शू लागलीय." ताईला कसं कळायचं देव जाणे. पण मधल्या सुट्टीच्या आधी लागली तर मात्र मी आणि माझा बाक, आम्ही दोघं लाकडाचे होऊन बसायचो. अजूनही ताईची ती सवय गेलेली नाही. परवा फोनवर मला म्हणाली, "तुला बरं नाहीये," आणि फोन ठेवल्यावर मला खरंच शिंका आल्या. लग्न ठरवताना नवऱ्यानं मला विचारलं होतं, "तुम्हाला काय आवडतं?" तर ताईनं शेजारून सांगितलं, "तिला जिने आवडतात, लिफ्टमध्ये घाबरते," आणि तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. त्यानं ताईकडे नाही, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मलाही." तेव्हाच मी मनात हो म्हटलं. मोठ्यानं ताई म्हणाली.

मग मोठी होऊन मी काय काम धरलं, तर दातांच्या दवाखान्यात. दिवसभर डॉक्टरांच्या डाव्या हाताला उभी राहून थुंकी ओढायची नळी धरते. आमच्या डॉक्टरांना एक खोड आहे. पेशंट आला, खुर्चीत बसला, तोवर हे गप्प. त्याच्या तोंडात आरसा, आकडी, कापूस, नळी, सगळं गेलं की यांना गप्पा सुचतात. "काय मग, घर बांधून झालं का?" पेशंट म्हणतो, "आआं आं." डॉक्टर माझ्याकडे बघतात. मी सांगते, "वरचा मजला राहिलाय म्हणतायत." आणि पेशंट डोळ्यांनी मला धन्यवाद देतो, कारण तो खरंच तेच म्हणालेला असतो. इतक्या वर्षांत मला ही भाषा येते. "आं" म्हणजे हो, "अंअं" म्हणजे नाही, लांबलेला "आऽऽ" म्हणजे तुमच्या हातात काय आहे ते आधी बाजूला करा. म्हणजे ताईनं माझं केलं ते मी गावाचं करते. मंगळवारी सकाळी एका आजोबांची दाढ चालू होती. डॉक्टर म्हणाले, "लहान मुलं बोलत नाहीत त्यांचं काय करावं, तुमचा काय अनुभव?" हे त्यांनी माझ्यासाठीच विचारलं, कारण मी सकाळीच त्यांच्याजवळ बोलले होते. आजोबा बराच वेळ काहीतरी म्हणाले. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. आणि मला काही कळेना. पहिल्यांदाच. मी नळी धरून नुसती उभी. आजोबांनी शेवटी हातानंच सांगितलं: हात सपाट करून, खाली, खाली. थांबा, म्हणत असतील. किंवा दुखतंय, म्हणत असतील. डॉक्टरांनी त्यांना दुखतंय असं धरून आणखी एक सुई दिली.

आमच्या घरी संध्याकाळी शाळा भरते. सगळ्यांचं दूध-चहा झालं की पुढच्या खोलीत बाई येतात. बाई म्हणजे भोंगा. एका हातात लाकडी डाव, दुसऱ्या हाताच्या बाहीला मुद्दाम लावलेला ओला रंग, आणि आवाज इतका हळू, इतका गोड, की डोळे मिटले तर थेट शाळेत. वर्गात चार जण. पहिल्या बाकावर, म्हणजे कॉटवर, सासूबाई. त्या हुशार मुलगी. त्यांना सगळं येतं, त्यांना सगळ्यांच्या आधी हाक मारतात, त्यांच्या कपाळावर रोज एक चांदणी काढली जाते आणि त्या ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुसत नाहीत, मुद्दाम, मला दिसावी म्हणून. दाराजवळ बूट न काढता नवरा बसतो, तो 'नवीन मुलगा', त्याला अजून काही येत नाही म्हणून सगळं माफ, झोपला तरी माफ. मी मागच्या बाकावरची. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी स्टूल टाकते, म्हणजे गॅसवर लक्ष राहतं. मी वर्गातली सगळ्यांत वाया गेलेली पोरगी. मी बोलते, मी खोड्या काढते, नवीन मुलाच्या पाठीत बोट खुपसते, आणि दर थोड्या वेळानं हात वर करून म्हणते, "बाई, शूला जाऊ?" हे वाक्य म्हणायला मला इतकं आवडतं की काय सांगू. लहानपणी आख्खं वर्ष घशात अडकलेलं वाक्य, ते मी आता मनाला येईल तितक्यांदा म्हणते, गाणं म्हटल्यासारखं. बाई मान तिरकी करून म्हणतात, "आत्ताच जाऊन आलीस ना? हात खाली." सासूबाई म्हणतात, "बाई, हिला उभं करा हो, आमचा अभ्यास होत नाही." नवरा झोपेत हसतो.

सोमवारी रात्री जेवताना मी त्याला बाईंचं सांगितलं. मुलगी आजीच्या खोलीत होती. तो आधी इतका हसला की त्याला ठसका लागला. "आपला भोंगा? बंद? बाईंना म्हणावं यंत्र इकडे पाठवा, वायर कुठं सैल झालीय बघतो." मग माझं तोंड बघून तो थांबला, आणि बटाट्याचा तुकडा ताटात इकडून तिकडे ढकलत म्हणाला, "लिफ्ट मध्येच अडकली की आतली माणसं काय करतात, ठाऊक आहे? सगळी बटणं दाबतात. एकावेळी सगळी. त्यानं काही होत नाही. थांबायचं असतं."

"आणि तोवर?"

"तोवर घाम येतो."

आतून सासूबाई ओरडल्या, "मला सगळं ऐकू येतंय! पोरीला काही झालेलं नाही, शाळेलाच ऐकू येत नसेल!" सासूबाईंचं असं आहे. त्यांची जीभ म्हणजे उघडी सुरी, आणि वर नवी कवळी बसल्यापासून तिला धार आलीय. कवळी आमच्याच डॉक्टरांनी केली, मापं मी घेतली. आपल्याच सासूच्या तोंडात बोलण्याची सोय आपल्याच हातानं करून देणारी सून जगात मी एकटीच असेन, असं नवरा सांगत सुटतो.

मंगळवारी शाळेत पोरांना मापं शिकवली, विती मोजून. म्हणून संध्याकाळी घरातलं सगळं विती लावून मोजलं गेलं: कॉट, दार, नवीन मुलगा आडवा, नवीन मुलगा बसलेला, आजीचं नाक (हे बोटांनी). टेबलावरून भांडण झालं. बापाच्या वितीनं टेबल एवढुसं निघालं आणि तिच्या वितीनं केवढं तरी. "टेबल खोटं बोलतंय," नवीन मुलगा म्हणाला. "टेबल नाही रे," बाई गोड आवाजात म्हणाल्या, "हात वेगळे आहेत. लहान हाताला सगळं मोठं लागतं." मी गॅस बारीक करायला उठले होते, तिथंच थांबले. दवाखान्यातल्या त्या आजोबांचा सपाट हात आठवला. शाळेचा तो वर्ग, जो मला फाटकातून एवढासा दिसतो, भिंतीला चिकटवलेले कागदी मासे, कोपऱ्यातली चटई, मुठीएवढ्या खुर्च्या, तो तिच्या वितीनं केवढा असेल? आणि मी इथं माझी वीत घेऊन मोजतेय. "मागच्या बाकावरची! लक्ष कुठंय?" मी दचकून म्हटलं, "बाई, शूला जाऊ?" "आत्ताच जाऊन आलीस ना?" मला बरं वाटलं. काही काही उत्तरं रोज तीच आली की माणसाला बरं वाटतं.

बुधवारी 'तरंगतं की बुडतं' होतं. वर्गात त्यांनी परातीत पान, नाणं, पेन्सिल, दगड असलं टाकून बघितलेलं. घरी बादली आली. एकेक वस्तू टाकायच्या आधी सगळ्यांनी हात वर करून सांगायचं, तरंगेल का बुडेल. चमचा बुडला. माझा कंगवा तरंगला. नवीन मुलानं किल्ल्या टाकल्या आणि त्या बुडाल्यावर त्याला इतका आनंद झाला की जसं काही त्यानंच बुडवल्या. मग बाईंनी डाव उगारून विचारलं, "आता काय टाकायचं?" आणि हुशार मुलीनं, कुणी काही बोलायच्या आत, तोंडात हात घालून कवळी काढली. "माजे दात ताका," त्या बोळक्या तोंडानं म्हणाल्या. मी म्हणाले तरंगेल, कारण मला माहीत आहे त्यात प्लास्टिक असतं, मी दवाखान्यातली बाई. नवरा म्हणाला तरंगेल, कारण मी म्हणाले. सासूबाई मानेनं म्हणाल्या, बुडेल. कवळी पाण्यावर क्षणभर हसली, आणि हसत हसत सावकाश तळाला गेली. काय तो जल्लोष! भोंग्यानं बाईपण सोडून उड्या मारल्या. "कवळी बुडते! हे आमच्या वर्गात कुणालाच माहीत नाही! बाईंनासुद्धा नाही!" सासूबाईंना त्या दिवशी दोन चांदण्या मिळाल्या.

पण त्याच संध्याकाळी मला उशी दिसली. म्हणजे ती रोजच तिथं असते, कपाटाच्या कोपऱ्यात उभी टेकवलेली, निळ्या अभ्र्याची. मी वर्गात चार जण म्हटलं ना, मागे? मी, सासूबाई, नवरा. तीनच होतात. चौथी ही उशी, आणि मी इतके दिवस तिला मोजत होते पण बघत नव्हते. दर वस्तूच्या वेळी बाई एकदा उशीकडे वळायच्या. "तुला काय वाटतं? तरंगेल का बुडेल?" आणि थांबायच्या. खरंच थांबायच्या, डाव खाली घेऊन, डोळे मोठे करून. नवरा मध्येच म्हणाला, "ती उशी काय बोलणार, ती बुडेल." बाई त्याच्याकडे वळल्या, आणि इतक्या हळू आवाजात म्हणाल्या की तो सरळच बसला: "तिला आवाज यायला वेळ लागतो. तिला कुणी घाई करायची नाही." मग उशीपाशी वाकून म्हणाल्या, "चालेल हं. उद्या." मी उठून स्वयंपाकघरात गेले. कांदा चिरायचा नव्हता तरी चिरला. म्हणजे वर्गात रोज असंच होत असणार. बाई तिच्यापाशी वाकून हेच म्हणत असणार, आणि ती रोज संध्याकाळी घरी येऊन ते स्वतःला पुन्हा एकदा म्हणून घेत असणार, या वेळी बाईंच्या बाजूनं, स्वतःला कोपऱ्यात टेकवून. किती नीट टेकवली होती उशी. पडू नये म्हणून मागे चपलांचा खोका लावला होता.

एवढं कळूनही मी गुरुवारी माती खाल्ली. दवाखान्यातून येताना मी प्लास्टरचा एक जुना, वरखाली जोडलेला जबडा मागून आणला होता, शिकवायला ठेवतात तो, दाताला दात स्वच्छ. म्हटलं, दाखवायला छान, आणि सांगायलाही सोपं: हा जबडा आहे, याला बत्तीस दात आहेत, संपलं. दोनच वाक्यं. भोंग्यानं जबडा उलटासुलटा करून बघितला आणि परत दिला. "हा कुणाचाच नाहीये," ती म्हणाली. मग आजीच्या कॉटवर चढून तिच्या कानात काहीतरी कुजबुजली. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा छताकडे, आणि तोंडात हात घातला. त्यांनी कवळी पाण्यानं धुतली, पदरानं पुसली, साबणाच्या रिकाम्या डबीत कापसावर ठेवली आणि डबी नातीच्या हातात दिली. "नीत आन," म्हणाल्या. मी म्हटलं, "अहो आई, उद्या दिवसभर तुम्ही काय..." त्यांनी हातानं मला गप्प केलं. दूध-ब्रेड खाईन, असं काहीतरी म्हणाल्या. ज्या बाईनं जन्मात कुणाला शेवटचा शब्द बोलू दिला नाही, तिनं आख्खा दिवस काढून दिला. मला इतकं भरून आलं की मी वाहवले. पोरीच्या केसांवरून हात फिरवत मी म्हणाले, "उद्या बोलशील ना गं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला ओळखीचं होतं. आरशातलं होतं. डबीचं झाकण तिनं टक् करून लावलं, आणि भोंगा बंद पडला. त्या संध्याकाळी शाळा भरली नाही. डाव खुंटीवर. नवरा बूट घालून दाराशी येऊन बसला, वाट बघून त्यानं बूट काढले, मग उगाच पुन्हा घातले. सासूबाई बोलू शकत नव्हत्या, आणि ज्या नजरेनं त्या माझ्याकडे बघत होत्या तिला दातांची गरज नव्हती. आमच्या घरातल्या घड्याळाला आवाज आहे हे मला तेव्हा कळलं. खिडकीबाहेर कुणाचं तरी भांडं पडलं तर आम्ही तिघांनी एकदम तिकडे बघितलं, पाहुणा आल्यासारखं. सगळी बटणं मीच दाबली होती, एकावेळी. आता घाम.

शुक्रवारी आम्हा पालकांना भिंतीकडेला मुठीएवढ्या खुर्च्या दिल्या. त्यात बसलं की गुडघे हनुवटीला लागतात, आणि माणूस कितीही मोठ्या हुद्द्यावरचा असो, खोडी करताना पकडल्यासारखा दिसतो. नवऱ्याला कुठली तरी लिफ्ट अडकल्यानं यायला जमलं नव्हतं. माझ्या शेजारी एक भरदार बाई, हातात पंख्यासारखी घडी घातलेलं वर्तमानपत्र. दाराशी मोठ्या बाई, एकट्या मोठ्या खुर्चीत. पोरं चटईवर. एकानं शिंपला दाखवला. एकीनं तिच्या मांजरीचं चित्र दाखवलं आणि मांजर कशी मेली ते इतक्या आनंदानं सांगितलं की आम्हाला टाळ्या वाजवाव्यात की नाही कळेना. एकानं गुडघ्यावरची खपली आणली होती, म्हणजे गुडघ्यासकट. दर वेळी बाई म्हणायच्या, "छान. कुणाला काही विचारायचंय?" आणि चटईवर हातांचं रान उगवायचं. मी सकाळपासून पाणी प्यायले नव्हते, तरी मला लागली होती. माझं असंच आहे. भीती वाटली की मला आधी तिथंच कळतं.

मग आमची. ती उठली, चटईच्या कडेकडेनं पुढे गेली, नाडी आजही सुटलेलीच. डबी पोटाशी धरून उभी राहिली. बाई तिच्या शेजारी खाली बसल्या. "काय आणलंस?" तिनं डबी उघडली. पहिल्या रांगेतून "ईईई" निघालं आणि मागच्या रांगेनं न बघताच "ईईई" केलं. "अरे वा," बाई म्हणाल्या, "कुणाचे आहेत?" गप्प. ओठ आवळलेले, कान लाल. त्या कानांची लाली मला माझ्या कानांना लागत होती. चटईवरच्या एका पोरानं, हवा कशी आहे सांगावी इतक्या सहजपणे, सांगितलं, "बाई, ती बोलतच नाही." "तिला आवाज यायला वेळ लागतो," बाई म्हणाल्या, "आपण थांबूया." आणि थांबल्या. सगळे थांबले. भिंतीवरचे कागदी मासे थांबले. मोठ्या बाईंनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, रागानं नाही, पण बघितलं. डबीतले सासूबाईंचे दात सगळ्या वर्गाकडे बघून हसत होते. घरी त्या या वेळी ब्रेडचा तुकडा दुधात बुडवत असतील.

माझ्या आत ताई उठून उभी राहिली. दारात येऊन उभी राहायची तशीच. बाई, ते तिच्या आजीचे दात आहेत, बाई, तिला माहीत आहे ते बुडतात, बाई, तिला सगळं येतं. सांगून टाक, एका वाक्याचं तर काम आहे, गावाचं बोलतेस, पोटच्या पोरीचं बोलायला काय झालं! मी दातांवर दात आवळून खुर्चीची कड धरून ठेवली. एका हातानं. दुसरा हात, मला न विचारता, वर गेला होता. आख्खा, सरळ, बोट छताकडे. सगळ्यांनी मागे वळून बघितलं. बाईंनी, मोठ्या बाईंनी, चटईनं. मुलीनंही. आता हात वर आहे म्हणजे काहीतरी म्हणायलाच हवं, आणि ताईचं वाक्य मी ओठांपर्यंत आणलं, देवाशपथ आणलं, पण माझ्या तोंडाला ज्या वाक्याची रोजची सवय तेच बाहेर पडलं, गाण्यासारखं, भर वर्गात:

"बाई, शूला जाऊ?"

शेजारच्या भरदार बाईंच्या हातातलं वर्तमानपत्र पडलं. बाईंचं तोंड उघडंच राहिलं, त्या काहीतरी म्हणणार होत्या, बहुतेक "हो, उजवीकडे आहे," पण त्यांच्या आधी दुसरं कुणीतरी बोललं. मान तिरकी. आवाज हळू, गोड, आणि पार मागच्या भिंतीपर्यंत जाणारा.

"नाही. आत्ताच जाऊन आलीस ना?"

मी हात खाली घेतला.

"रोजचं आहे हिचं," माझी मुलगी वर्गाला म्हणाली. "हिच्याकडे कुणी लक्ष देऊ नका. सगळ्यांनी इकडे बघा. बाई, तुम्ही पण. हाताची घडी, तोंडावर बोट." आणि चटईभर बोटं ओठांवर गेली. बाईंनी, त्या खालीच बसलेल्या होत्या, हळूच आपलंही बोट ओठांवर ठेवलं. त्या बोटाला निळा रंग होता, तो ओठाला लागला. "हे माझ्या आजीचे दात आहेत. हे रात्री काढता येतात. पान तरंगतं, पेन्सिल तरंगते, दात बुडतात. माझ्या आईला वाटलं होतं तरंगतील. ती दवाखान्यातली आहे तरी तिला माहीत नव्हतं. आज आजीला बोलता येत नाहीये, कारण तिचं तोंड मी आणलंय. म्हणून आज तिच्या वाटचंही मीच बोलणार आहे." आणि ती बोलली. आजीच्या वाटचं काही थोडंथोडकं नसतं. बादली कशी आणली, कंगवा कुणाचा, नवीन मुलगा कसा झोपतो, वाकड्या टाचणीचा ढग, मुंगीचे गुडघे. मध्येच थांबून तिनं मोठ्यानं विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?" दाराशी, मोठ्या खुर्चीतून, मोठ्या बाईंचा हात वर गेला. "हं, तू बोल," माझी मुलगी म्हणाली. मोठ्या बाईंनी घसा साफ केला आणि विचारलं, खरे दातही बुडतात का. "माझा एक हलतोय," मुलगी म्हणाली, "पडला की सांगते. सोमवारी."

घंटा झाली तरी ती बोलत होती. माझी अवस्था वाईट होती, आता खरंच, पण परवानगी मिळाली नव्हती, त्यामुळे मी गुडघे जुळवून, हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून, बसले होते. डोळ्यांतून पाणी गालांवर येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. शेजारच्या बाई माझ्याकडे वाकल्या. "काय बोलते हो पोरगी! तुमची का?"

"आं," मी म्हणाले.